कादंबरीकाराची बैठक

तीनशे पानांची मराठी कादंबरी म्हणजे साधारण ८०-९० हजार शब्द. रोज ५०० शब्द लिहिणाऱ्याला तिचा पहिला खर्डा पुरा करायला सहा महिने लागतात, तेही एका दिवसाचा खाडा न करता. त्यात घरातली आजारपणे, लग्नकार्ये, कचेरीतली मार्चअखेर आणि लिहिलेली पाने बाजूला सारून पुन्हा पहिल्यापासून मांडणे धरले, की वर्ष-दीड वर्ष हां हां म्हणता निघून जाते. कविता एखाद्या रात्री येते. कथा एका बैठकीत उतरल्याची उदाहरणे आहेत. कादंबरी मात्र लिहिणाऱ्याच्या आयुष्याचा मोठा तुकडा मागते, आणि तो रोज, थोडा थोडा मागते. म्हणून कादंबरीकार का लिहितो हा प्रश्न तो केव्हा लिहितो, कुठे बसून लिहितो, कोणाच्या डोळ्यांदेखत किंवा डोळ्यांआड लिहितो, या प्रश्नांपासून सोडवता येत नाही.

कादंबरीकारांच्या प्रेरणा आणि त्यांच्या लेखनाच्या सवयी हा या पुस्तकाचा विषय आहे. आपल्याकडे पहिल्या गोष्टीची चर्चा भरपूर झाली आहे. संमेलनातली मुलाखत असो की दिवाळी अंकातली, लेखकाला पहिला प्रश्न येतो तो कादंबरी कशी सुचली याचा. उत्तरात बालपण येते, गाव येते, एखादे दुःख येते. ते खरेच असते. पण सुचलेली कादंबरी कागदावर उतरेपर्यंतचे दीड वर्ष त्या उत्तरात क्वचितच येते. दुःख तर पुष्कळांजवळ असते, गावही असते. त्यांतला एखादाच वर्षभर त्याच टेबलापाशी परत परत जाऊन बसतो. तो का बसू शकला, हे मला अधिक मोलाचे वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे, की प्रेरणेने कादंबरी सुरू होते; पण आपल्याला नेमके काय सांगायचे आहे हे लेखकाला रोजच्या बसण्यातच उमगत जाते. सवय ही प्रेरणेची चाकर नाही, पुष्कळदा ती तिची शिक्षक असते.

याचे आपल्या भाषेतले सर्वांत स्पष्ट उदाहरण हरि नारायण आपटे यांचे आहे, आणि दुर्दैवाने तेच आपण सर्वांत कमी लक्ष देऊन पाहिले आहे. हरिभाऊंचा जन्म १८६४ सालचा, खानदेशातल्या पारोळ्याचा. आई लहानपणीच गेली. शिक्षण मुंबईत आणि पुण्यात झाले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर, टिळक असे शिक्षक मिळाले. विष्णुशास्त्री १८८२ मध्ये वारले तेव्हा या विद्यार्थ्याने त्यांच्यावर विलापिका लिहिली. आगरकरांनी हॅम्लेटचे 'विकारविलसित' हे भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा त्याच विद्यार्थ्याने आपल्या गुरूच्या पुस्तकाचे प्रदीर्घ आणि निर्भीड परीक्षण केले. कॉलेज मात्र गणितापायी अर्धवट सुटले. पुढे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रमाचे, म्हणजे संस्कृत हस्तलिखिते जपणाऱ्या आणि छापणाऱ्या संस्थेचे, व्यवस्थापन त्यांच्याकडे आले आणि ते त्यांनी जन्मभर सांभाळले. पुणे नगरपालिकेचे काम केले, तिचे अध्यक्षपदही भूषवले. म्हणजे दिवसभर हा माणूस मोकळा नव्हता.

१८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि १९१७ पर्यंत चालवले. त्यांच्या बहुतेक मोठ्या कादंबऱ्या याच साप्ताहिकातून क्रमशः आल्या. क्रमशः लिहिणे म्हणजे काय, याची आज आपल्याला कल्पना करावी लागते. अंक आठवड्याला निघणार. मागचे प्रकरण छापून वाचकांच्या हातात गेलेले. त्यातला एक शब्दही आता मागे घेता येत नाही. पुढचे प्रकरण अजून लिहायचे आहे आणि छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस मजकुराची वाट पाहतो आहे. पात्राचा स्वभाव तिसऱ्या प्रकरणात एक ठरवला आणि तिसाव्यात तो बदलावासा वाटला, तर तो बदल त्या पात्राच्या आयुष्यातूनच घडवून आणावा लागतो; मागे जाऊन दुरुस्ती करण्याची सोय नाही. या पद्धतीचे तोटे हरिभाऊंच्या लेखनात उघड दिसतात. पाल्हाळ आहे, उपदेश आहे, कथानके रेंगाळतात, काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. समीक्षकांनी हे सारे दाखवून दिले आहे आणि ते बरोबर आहे.

पण 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी या पद्धतीशिवाय झाली असती असे मला वाटत नाही. १८९० पासून ती 'करमणूक'मध्ये येऊ लागली आणि १८९३ मध्ये पुरी झाली. यमू आपली हकीकत स्वतः सांगते. माहेरचे वाडे, आईचे सोसणे, लग्न, शिकलेला आणि शिकवणारा नवरा, मुंबईतले थोडे मोकळे दिवस, मग वैधव्य आणि शंकरमामंजींच्या कारस्थानातून तिच्या इच्छेविरुद्ध झालेले केशवपन. यातली कोणतीही गोष्ट तेव्हाच्या पुण्याला नवी नव्हती. संमतिवयाच्या विधेयकावरून शहर पेटलेले होते, १८९१ मध्ये कायदा झाला, आगरकर 'सुधारका'तून केशवपनावर लिहीत होते. युक्तिवाद दोन्ही बाजूंनी सांगून झाले होते. हरिभाऊंनी त्यात भर घातली ती वेळेची. एक मुलगी लहानाची मोठी होताना वाचकाने तिला आठवड्यामागून आठवडे, सुमारे तीन वर्षे ऐकले. ती रुसली, हसली, चोरून वाचायला शिकली, नवऱ्याच्या पत्राची वाट पाहत बसली. तिच्या बडबडीची, तिच्या विषयांतराची सवय झाली. आणि मग तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरला. व्याख्यान तासाभरात संपते. त्यात हे साधत नाही. ज्या पाल्हाळाला आपण दोष म्हणतो, त्याच्यामुळेच यमू घरातली वाटू लागते. तिशीच्या आतल्या पुरुषाने हा आवाज सापडेपर्यंत, आणि सापडल्यावर तो सुटू नये म्हणून, दर आठवड्याला तिच्या जागी जाऊन बसायचे ठरवले, यात मला या लेखकाचे मोठेपण दिसते.

तो आवाज त्यांना कुठून मिळाला, याचाही थोडा माग लागतो. काशीबाई कानिटकर आणि गोविंद वासुदेव कानिटकर यांच्या घरी हरिभाऊंचे जाणे-येणे होते, तिथे वाचन चाले, चर्चा चालत. काशीबाई लग्नानंतर, घरच्यांच्या नाराजीला तोंड देत वाचायला शिकलेल्या. पुढे त्यांनी स्वतः 'रंगराव' ही कादंबरी लिहिली आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. हरिभाऊ आणि काशीबाई यांचा पत्रव्यवहारही होता. यमूच्या शिकण्यात काशीबाईंच्या शिकण्याचे किती अंश आहेत, हे मोजण्याचा हट्ट मी धरणार नाही. पण कादंबरीकाराच्या सवयींत ऐकणे ही एक सवय आहे, आणि ती लिहिण्याइतकीच नियमित असावी लागते, एवढे यावरून दिसते. ज्या काळात परपुरुषाशी बोलणे हाच बोभाटा होई, त्या काळात एका बाईने आपले मन बोलून दाखवले आणि एका लेखकाने ते लक्ष देऊन ऐकले. कादंबरीच्या शीर्षकातल्या प्रश्नाला मिळालेले ते पहिले उत्तर आहे.

हरिभाऊंना बांधून ठेवणारा छापखाना होता. ज्यांना तसे कोणी नव्हते त्यांनी स्वतःला बांधून घेतले. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. टपाल खात्यात नोकरी, नोकरीपायी सतत प्रवास, आणि तरीही ४७ कादंबऱ्या. पहाटे साडेपाचला तो टेबलापाशी बसे. त्याला उठवून कॉफी आणून देण्यासाठी त्याने घरच्या म्हाताऱ्या मोतद्दाराला वर्षाला ५ पौंड जास्तीचे लावून दिले होते, आणि आपल्या यशाचे श्रेय इतर कोणाहूनही त्या माणसाला अधिक आहे असे तो मानी. घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द, असा त्याचा शिरस्ता. आगगाडीत बसूनही तो लिही. 'बार्चेस्टर टॉवर्स'चा मोठा भाग डब्यात पेन्सिलीने लिहिलेला आहे आणि त्याची पक्की प्रत बायकोने केलेली आहे. १८८२ मध्ये तो वारला, पुढच्या वर्षी आत्मचरित्र निघाले आणि त्यात हा सगळा हिशेब, मिळालेल्या पैशांच्या आकड्यांसकट, वाचून लोक नाराज झाले. असे मोजून-मापून लिहिलेले ते कसले साहित्य, असा सूर निघाला आणि त्याचे नाव बराच काळ मागे पडले.

त्या नाराज वाचकांनी एक बारीक गोष्ट नीट वाचली नसावी. ट्रोलोप सकाळी बसल्याबरोबर लिहायला लागत नसे. पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचे लिखाण वाची, शब्दांचा नाद कानाने तोलण्यासाठी. गवई तानपुरा लावून घेतो तसे हे आहे. कालचा सूर आज पुन्हा कानात बसल्याशिवाय कादंबरी पुढे सरकत नाही, आणि त्यासाठी काल आणि आज यांच्यात फार अंतर पडू द्यायचे नसते. रोज लिहिण्याचे खरे कारण हे आहे. शब्दांचे आकडे त्याच्या मागून येतात. हा धडा त्याला घरातच मिळाला होता. त्याची आई फ्रान्सिस ट्रोलोप हिचे पहिले पुस्तक पन्नाशी उलटल्यावर आले. नवऱ्याच्या कर्जामुळे घरदार सोडून बेल्जियममध्ये राहायला गेल्यावर, मरणपंथाला लागलेल्या मुलाची आणि नवऱ्याची शुश्रूषा करत ती रात्री कादंबऱ्या लिहीत होती, कारण घर त्यावर चालत होते. पैसा ही प्रेरणा हलकी समजणाऱ्यांनी त्या खोलीचा विचार करावा.

मराठीत पैशाचा प्रश्न वेगळाच आहे. आपल्याकडे कादंबरीची आवृत्ती आजही बहुधा हजाराच्या घरात असते, कधी त्याहूनही कमी. केवळ कादंबरीवर घर चालवणारे लेखक हाताच्या बोटांवर मोजावेत. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. श्री. ना. पेंडसे मुंबईत 'बेस्ट'मध्ये नोकरी करत दापोलीकडच्या मुलखावर लिहीत राहिले. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते, जयवंत दळवी अमेरिकी माहिती केंद्रात, शिवाजी सावंत कोल्हापुरात शिक्षक, रंगनाथ पठारे संगमनेरला पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. मराठी कादंबरी ही पगारी नोकरीच्या आधी, नंतर आणि सुट्टीत लिहिली गेलेली कादंबरी आहे. तिच्या लांबी-रुंदीवर, तिच्या विषयांवर, तिच्या मध्येच पडलेल्या खंडांवर याचा परिणाम झालेला आहे, आणि तिचा इतिहास लिहिताना तो धरला पाहिजे. वर्षातून एकदा दिवाळी अंकाच्या संपादकाचा तगादा येतो म्हणून पावसाळ्यात लिहायला बसणारे लेखक आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या झाले. 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ चा. तेव्हापासून मराठी लेखकाच्या वर्षाला ही एक ठरलेली मुदत आहे, आणि तिने आपल्याकडून किती लिहून घेतले याची मोजदाद अजून कोणी केलेली नाही.

नोकरी नेहमी वेळ खातेच असे नाही. ती कधी विषयही देते. मालतीबाई बेडेकरांच्या बाबतीत दोन्ही झाले. बाळूताई खरे या नावाने शिक्षिका म्हणून काम करणाऱ्या या तरुण बाईने १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आणि लगेच १९३४ मध्ये 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी प्रसिद्ध केली, ती विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या शरीरमनाविषयी इतके उघड कोणी लिहिले नव्हते. गदारोळ झाला. ही विभावरी कोण, बाई की पुरुष, याचा शोध सुरू झाला आणि तिच्या नावाने संताप व्यक्त झाला. अशा वेळी लेखनाची सवय म्हणजे काय, तर दिवसा शाळेत ज्या लोकांत वावरायचे त्यांच्याच तोंडून स्वतःच्या पुस्तकाची निंदा ऐकायची, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही, आणि पुन्हा पुढचे लिहायचे. टोपणनावाला आपण लेखकाची हौस समजतो. इथे ते लिहिण्यासाठी लागणारी खोली होते, दार आतून लावता येईल अशी.

पुढे १९३६ च्या सुमारास त्या सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत सरकारी अधिकारी म्हणून गेल्या. गुन्हेगार जमातींविषयीच्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते अशी माणसे तिथे काटेरी तारांच्या कुंपणात ठेवलेली होती. हजेरी घेणे, काम लावून देणे, बाहेर जायचा परवाना देणे, असा तिथला कारभार. त्या अनुभवावरची 'बळी' ही कादंबरी आली १९५० मध्ये. मधे लग्न झाले, संसार झाला, नोकरी सुटली, देश स्वतंत्र झाला. दहाहून अधिक वर्षे हा ऐवज त्यांच्याजवळ होता. तो ताबडतोब लिहिला असता तर कदाचित चांगला अहवाल झाला असता. इतक्या वर्षांनी लिहिला तेव्हा त्यात कुंपणाच्या आतली माणसे आपापल्या भाषेत, आपापल्या रागालोभांसह उभी राहिली, आणि कुंपण घालणाऱ्या व्यवस्थेतली माणसेही. रोज लिहिणे हा जसा शिस्तीचा एक प्रकार आहे, तसा हातचे राखून थांबणे हा दुसरा. तो अधिक कठीण आहे, कारण थांबलेल्या लेखकाला आपण थांबलो आहोत की संपलो आहोत हे कळायला मार्ग नसतो.

थांबण्याची चैन ज्यांना परवडली नाही असेही लेखक आहेत. अण्णा भाऊ साठे १९२० मध्ये वाटेगावला जन्मले, शाळा जवळजवळ मिळालीच नाही, कुटुंबाबरोबर पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले, लाल बावटा कलापथकात पोवाडे आणि लोकनाट्ये उभी केली, आणि घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' १९५९ ची. ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. त्यांच्या गद्याची चाल पाहिली की हे वाक्य आधी लोकांसमोर उभे राहून बोललेले आहे असे जाणवते. हजारोंच्या सभेत श्रोता कुठे पुढे सरकतो आणि कुठे चुळबुळ करतो, हे ज्याने वर्षानुवर्षे पाहिले आहे, त्याची लिहिण्याची बैठक तिथेच घडलेली असते. निवांतपणा हीच लेखनाची अट मानणाऱ्यांच्या सिद्धांतात अण्णा भाऊ बसत नाहीत. तेव्हा तो सिद्धांतच दुरुस्त करायला हवा.

भालचंद्र नेमाडे यांनी १९६३ मध्ये खानदेशातल्या सांगवीला, आपल्या गावी, 'कोसला' अवघ्या काही आठवड्यांत लिहिली. तेव्हा ते २५ वर्षांचे होते. ही हकीकत नव्या लेखकांना फार आवडते, आणि मला तिची थोडी धास्ती वाटते. कारण त्याच लेखकाची 'हिंदू' २०१० मध्ये आली आणि तिच्यामागे काही दशकांचे काम होते, हे सांगायचे राहून जाते. शिवाय त्या काही आठवड्यांच्या आधी पुण्या-मुंबईतली वर्षे होती, अफाट वाचन होते, लघुअनियतकालिकांच्या चळवळीतल्या मित्रांशी रात्र रात्र चाललेले वाद होते. कागदावर हात वेगाने चालला, कारण कान आणि डोके त्याआधी बरेच चालून आले होते.

पुस्तकाच्या तयारीत एक उणीव सतत जाणवत राहिली. कादंबरीकारांच्या सवयींचा खरा पुरावा त्यांच्या मुलाखतींत फार थोडा असतो. तो असतो खर्ड्यांत, खोडलेल्या ओळींत, समासातल्या खुणांत, संपादकाला लिहिलेल्या पत्रांत, दैनंदिनीत, मुद्रितांवरच्या शाईच्या दुरुस्त्यांत. इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, रशियनमध्ये लेखकाच्या एकेका कादंबरीचे निरनिराळे खर्डे समोर ठेवून अभ्यास होतात. मराठीत छापील पुस्तक हातात आले की हस्तलिखित पोटमाळ्यावर जाते, आणि घर बदलताना रद्दीत. काशीबाई आणि हरिभाऊ यांच्या पत्रव्यवहाराची आपल्याला माहिती आहे म्हणून यमूच्या आवाजामागची एक खोली तरी दिसते. बाकी किती खोल्या कायमच्या बंद झाल्या असतील, याचा विचार त्रास देतो. आता बहुतेक जण संगणकावर किंवा मोबाइलवरच लिहितात. तिथे एक कळ दाबली की आधीचा पाठ नाहीसा होतो, त्यामुळे पुढच्या अभ्यासकापुढची अडचण अधिकच बिकट आहे.

म्हणून या प्रस्तावनेच्या शेवटी वाचकांकडे एक विनंती आहे. आपल्या घरात, नात्यात, ओळखीत कोणी कादंबरी लिहिली असेल, ती गाजलेली असो वा नसो, तर त्यांचे खर्डे, वह्या, पत्रे आणि दुरुस्त केलेली मुद्रिते टाकून देऊ नका. त्यांवर साल, गाव आणि कादंबरीचे नाव लिहा, ओल लागणार नाही अशा जागी ठेवा आणि शक्य असेल तर जवळच्या एखाद्या चांगल्या ग्रंथसंग्रहालयाशी किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागाशी बोलून तिथे सोपवा. आणि आपण स्वतः कादंबरी लिहीत असाल, तर प्रत्येक खर्डा तारीख घालून वेगळा जपा.